मास्तरांचा हजेरीपट



गेल्या साली आमच्या युनियनच्या कचेरीत सहा मुले आली. चार मुलगे, दोन मुली. सगळी आमच्या सभासदांच्या घरातली, कॉलेजात जाणारी. त्यांचे गाऱ्हाणे असे होते, की एका विषयाचा निम्मा भाग वर्षभरात शिकवलाच गेला नाही आणि परीक्षेत प्रश्न मात्र साऱ्या पुस्तकावर आले. "काका, मागणीपत्र कसं लिहायचं ते तुम्ही सांगा," असा त्यांचा आग्रह. मी विचारले, "तुमचं मत कोणी विचारीत नाही काय?" त्यांतली एक मुलगी म्हणाली, "विचारतात की! वर्षाच्या शेवटी मोबाइलवर फॉर्म येतो. एक ते पाच आकडे असतात, त्यांतला एक दाबायचा." "मग पुढं काय होतं?" ह्याला उत्तर मिळाले नाही. मुले एकमेकांकडे पाहून हसली.

कॉलेज कोणते ते सांगण्याचे कारण नाही. मला आज जी हकीकत सांगायची आहे ती आठशे वर्षांपूर्वीची, इटलीतल्या बोलोन्या शहरातली आहे. मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेला नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर. तरीही विद्यापीठांच्या इतिहासावर बोलण्याचे धाडस करतो, कारण बोलोन्याची हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा 'हा तर आपलाच धंदा!' असे मला वाटले होते. त्या सहा मुलांनाही मी मागणीपत्राच्या आधी हीच हकीकत सांगितली.

'युनिव्हर्सिटी' ह्या शब्दापासून सुरुवात करू. आपण त्याला विद्यापीठ म्हणतो, आणि पीठ म्हटले की डोळ्यांपुढे घुमट, मनोरा, पदवीदानाचा झगा असे काहीतरी येते. मूळच्या लॅटिन 'युनिव्हर्सिटास' शब्दात ह्यांपैकी काहीही नाही. पुष्कळ माणसे एका कामासाठी बांधली गेली आणि कायद्याच्या दृष्टीने एक झाली, की ती युनिव्हर्सिटास. कारागिरांचीही असे, व्यापाऱ्यांचीही असे. सरळ मराठीत सांगायचे तर संघ. आमच्या कचेरीच्या पाटीवरचा शब्द वापरायचा तर युनियन. आणि बोलोन्यात ही युनियन विद्यार्थ्यांची होती, मास्तरांची नव्हे.

बोलोन्याचे विद्यापीठ आपला जन्म १०८८ सालचा सांगते. हे साल परंपरेने धरलेले आहे. त्या दिवशी कोणी कोनशिला बसवली नव्हती. खरी गोष्ट एवढीच, की अकराव्या शतकाच्या अखेरीस त्या शहरात रोमन कायदा शिकवणारे नामांकित गुरू जमले, इर्नेरियस हा त्यांतला पहिला मोठा, आणि त्यांच्याकडे युरोपभरातून शिष्य येऊ लागले. हे शिष्य म्हणजे शाळकरी पोरे नव्हती. पुष्कळ जण वयाने वाढलेले, काही चर्चमध्ये अधिकाराच्या जागा असलेले, काही बड्या घराण्यांतले. गाठीला पैसा होता. पण एका बाबतीत ते कंगाल होते. ते परके होते, आणि परक्याला त्या शहरात नागरिकाचा हक्क नव्हता. घरमालकाने भाडे दुप्पट केले तर दाद कोठे मागायची? त्या काळी अशीही चाल होती, की एखाद्या जर्मनाने देणे बुडवले तर दुसऱ्याच कुठल्या जर्मनाला धरून त्याच्याकडून ते वसूल करावे. ११५५ ते ११५८ च्या सुमारास सम्राट फ्रेडरिक बार्बरोसाने विद्यार्थ्यांसाठी खास हुकूम काढला, त्यात हे थांबवण्याचे कलम घालावे लागले. हुकूम निघाला, पण सम्राट राहणार आल्प्सपलीकडे आणि घरमालक राहणार शेजारी!

म्हणून संघ झाला. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून माणूस आला तेव्हा त्याने आधी काय केले? गावच्या मंडळींची खोली शोधली. एका गावाची एक खोली, सगळ्यांची मिळून वर्गणी. बोलोन्यात तसेच घडले. एका मुलखाचे विद्यार्थी एकत्र आले, त्यांस 'नेशन' म्हणत. अनेक नेशन मिळून दोन मोठे संघ झाले, एक आल्प्सच्या अलीकडच्यांचा आणि एक पलीकडच्यांचा. प्रत्येक संघ आपला रेक्टर निवडी, आणि रेक्टर हा विद्यार्थीच असे. ह्यात एक गोष्ट मोठी बोलकी आहे. खुद्द बोलोन्याचा रहिवासी असलेल्या विद्यार्थ्याला ह्या संघात मताधिकार नव्हता. त्याला शहराचा कायदा होता, बाप होता, घर होते. त्याला संघाची गरज काय? ज्यांना कोणी नाही त्यांचा तो संघ होता.

संघाची पहिली लढाई शिकवण्याविषयी नव्हतीच. ती खोलीभाड्याची होती. दोन पंच विद्यार्थ्यांचे, दोन शहराचे, अशा चौघांनी भाडे ठरवायचे आणि जो घरमालक ते मानणार नाही त्याच्या घरात कोणी विद्यार्थ्याने राहायचे नाही, अशी रीत पडली. मग पुस्तके. छापखाना नव्हता, हस्तलिखिताच्या सुट्या जुड्या नकलून घेण्यासाठी भाड्याने मिळत, आणि त्या बिनचूक आहेत की नाहीत हे पाहायला संघाने माणसे नेमली. प्राध्यापकाची पाळी त्यानंतर आली. मला हा क्रम फार खरा वाटतो. आमच्याकडेही नवी युनियन आधी पिण्याच्या पाण्यासाठी भांडते आणि मग पगारासाठी.

संघाचे हत्यार कोणते? निघून जाणे. हे विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हती. गुरू आपल्या घरी किंवा भाड्याच्या दिवाणखान्यात शिकवीत. मोठी सभा असली तर चर्चमध्ये भरे. त्यामुळे विद्यार्थ्यांनी बिऱ्हाड उचलले की विद्यापीठच गाडीवर चढून चालू लागे. १२०४ साली एक गट व्हिचेन्झाला गेला, १२१५ मध्ये एक आरेझ्झोला, आणि १२२२ साली जो मोठा गट पादुआला गेला त्यातून पादुआचे विद्यापीठ जन्मले, ज्यात पुढे १५९२ पासून अठरा वर्षे गॅलिलिओने शिकवले. शहराचा जीव ह्यात अडकलेला होता. शेकडो सधन परदेशी तरुण एका शहरात राहतात तेव्हा खानावळवाला, शिंपी, सावकार, कागदवाला सगळेच त्यांच्यावर जगतात. शहराने आधी मास्तरांना शपथा घातल्या, की दुसरीकडे शिकवणार नाही. मग विद्यार्थ्यांना बंदी घातली. पोप होनोरियस तिसरा विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला, आणि शतकाच्या मध्यापर्यंत शहराला संघ मान्य करावाच लागला.

मास्तरमंडळींना हे रुचले असेल असे समजू नका. आझो हा त्या वेळचा फार मोठा कायदेपंडित. त्याने कायद्याचा आधार देऊन सांगितले, की संघ करण्याचा आणि आपले अधिकारी निवडण्याचा हक्क धंदा करणाऱ्यांना असतो, धंदा शिकणाऱ्यांना नाही. कातडी कमावणाऱ्याच्या उमेदवारांनी संघ काढावा काय? तसेच हे विद्यार्थी. आझोचे हे म्हणणे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. 'तुम्ही शिकाऊ आहात, कायम नाही. तुम्हांला युनियन कसली?' हे वाक्य मी माझ्या कानांनी किती वेळा ऐकले आहे त्याला गणती नाही. बोलोन्याच्या उमेदवारांनी आझोशी वाद घातला नाही. फी त्यांच्या खिशातून जात होती; तेवढे उत्तर पुरेसे होते.

आता मास्तरांचे नियम पाहू. संघाच्या नियमांची जी जुनी पोथी हाती लागली आहे ती १३१७ सालची, आणि १३४७ मध्ये वाढवलेली. गंमत अशी, की ती रचण्याचे काम जोव्हान्नी द'आंद्रेया ह्या नामवंत प्राध्यापकाकडेच दिले होते. त्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला विद्यार्थी-रेक्टरच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावी लागे, पण संघात मत नसे. एक दिवसाची रजा हवी असेल तर आधी आपल्या विद्यार्थ्यांची परवानगी, नंतर रेक्टरची. गावाबाहेर जायचे तर परत येण्याबद्दल अनामत. घंटा झाली की व्याख्यान सुरू, पुढची घंटा झाली की मिनिटाभरात बंद. एखादे प्रकरण गाळायचे नाही. अवघड मुद्दा 'तासाच्या शेवटी पाहू' म्हणून ढकलायचा नाही. कायद्याचे ग्रंथ ठराविक तुकड्यांत पाडलेले असत आणि अमुक तुकडा अमुक मुदतीत संपलाच पाहिजे असा हिशेब असे. प्रस्तावनेतच वर्ष घालवण्याची सोय नव्हती. आणि नियमित व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर प्राध्यापक त्या दिवशी गैरहजर समजून दंड!

दंड वसूल कसा होई? वर्षाच्या आरंभी प्राध्यापकाने शहरातल्या पेढीवर रक्कम ठेवायची आणि तिच्यातून दंड कापला जायचा. कसूर झाली हे कळे कसे? चार विद्यार्थी पाळतीवर नेमलेले असत. आणि ज्याने मुळीच जुमानले नाही, त्याच्या वर्गावर बहिष्कार; त्या वर्गात जो विद्यार्थी जाईल त्याच्यावरही बहिष्कार.

इथे मला थांबावे लागते. इतका वेळ मी विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलत होतो, कारण परके ते, हक्क नसलेले ते. पण ह्या नियमांत कामगार कोण आहे? प्राध्यापक! त्याच्या अनामतीतून कापाकापी होते आहे, त्याच्यावर पाळत आहे, भोंगा त्याच्यासाठी वाजतो आहे. आमच्या देशात १९३६ साली वेतन अदायगीचा कायदा झाला, त्यात दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापलीकडे कापू नये, आणि कापण्यापूर्वी त्या माणसाला आपली बाजू सांगू द्यावी, असे घातले गेले. त्यापूर्वी खात्यात मुकादम दंड कसा लावी, हे जुन्या माणसांकडून ऐकलेले आमच्या पिढीला ठाऊक आहे. आणि पाळतीवरचे चार विद्यार्थी! चहाडखोर कोणत्याही बाजूचा असो, त्याच्यामुळे खात्यातले बोलणे बंद होते. वर्गातले होत नसेल काय? माझी सहानुभूती ह्या प्रकरणात दोन्हीकडे ओढली जाते आणि ती एकीकडे कशी आणावी हे मला अजून उमगलेले नाही.

विद्यार्थी काही संतही नव्हते. ओडोफ्रेडस म्हणून एक प्राध्यापक होता, १२६५ साली वारला. वर्षअखेरच्या व्याख्यानात त्याने आपल्या शिष्यांना तोंडावर सुनावल्याचे नमूद आहे, की पुढल्या वर्षी मी दुपारची जादा व्याख्याने देणार नाही, कारण तुम्ही मंडळी पैसे नीट देत नाही. शिकायचे सर्वांना असते, मोल कोणालाच द्यायचे नसते. ह्याच ओडोफ्रेडसची कबर आजही बोलोन्यात सान फ्रान्चेस्को चर्चजवळ उंच खांबांवर डौलाने उभी आहे. तेव्हा थकबाकी धरूनही त्याचे बरे चालले असावे.

तरीही एक गोष्ट ह्या विद्यार्थ्यांकडून घेण्यासारखी आहे. त्यांनी नियम कशाविषयी केले ते पाहा. 'प्राध्यापक विद्वान आहे काय?' हे कोठेही विचारलेले नाही. 'तो तुम्हांला आवडतो काय?' हेही नाही. वेळेवर आला काय, ठरलेला भाग संपवला काय, अवघड जागा टाळली काय, एवढेच. जे चौघांना एकसारखे दिसते आणि ज्याचा कागद करता येतो तेवढेच त्यांनी हाती धरले. विद्वत्तेचा निवाडा त्यांनी मागितलाच नाही, आणि तो त्यांना मिळालाही नसता. परीक्षा घेणे आणि कोण आचार्य होण्यास लायक हे ठरवणे, हे गुरूंच्या मंडळाने आपल्या हाती घट्ट ठेवले होते. १२१९ मध्ये पोपने आज्ञा केली, की बोलोन्याच्या आर्चडीकनच्या संमतीवाचून पदवी देऊ नये. म्हणजे त्यावरही चर्चची नजर. मास्तर वर्षभर विद्यार्थ्यांच्या धाकात, आणि विद्यार्थी शेवटच्या दिवशी मास्तरांच्या. असा तो तोल होता.

तो मोडला कसा? मारामारीने नव्हे. १३२१ साली एका मुलीला पळवल्याबद्दल शहराने एका विद्यार्थ्याचा शिरच्छेद केला, तेव्हा पुन्हा विद्यार्थी उठून सिएनाकडे चालू लागले आणि शहराला नमते घेऊन त्यांना परत आणावे लागले. बळाने संघ हटला नाही. हटला तो पगाराने. १२८० साली विद्यार्थ्यांनी गार्सिया नावाच्या स्पॅनिश पंडिताला दीडशे पौंडांवर ठरवले, आणि ते पैसे शहराने भरले. विद्यार्थ्यांना हे बरेच वाटले असणार. खिशाला चाट नाही आणि गुरू आपल्या पसंतीचा. १२८९ मध्ये शहराने दोन कायम पगारी जागा केल्या, निवड अजून विद्यार्थ्यांचीच. पण पगार एकाने द्यायचा आणि हुकूम दुसऱ्याने करायचा, असे किती दिवस चालणार? चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराने नेमलेली मंडळी नेमणुका आणि देखरेख पाहू लागली. संघ राहिला, रेक्टर राहिला, मिरवणुका राहिल्या, शपथासुद्धा राहिल्या. नाडी मात्र गेली.

१५६३ साली बोलोन्याच्या विद्यापीठाला अखेर भव्य इमारत मिळाली, आर्किजिन्नासिओ. तिच्या भिंती आणि छत विद्यार्थ्यांच्या घराण्यांच्या हजारो रंगीत चिन्हांनी मढलेले आहेत. फार सुंदर काम आहे म्हणतात. पण जिच्यावर आपले नाव कोरले ती भिंत गाडीवर चढवून सिएनाला नेता येत नाही.

आपल्याकडे विद्यापीठ आले ते ह्या घराण्याचे नव्हे. पॅरिसमध्ये संघ मास्तरांचा होता, ऑक्सफर्ड त्या वळणावर गेले. आणि १८५७ साली मुंबईला विद्यापीठ स्थापन झाले ते लंडनच्या नमुन्यावर, मुख्यतः परीक्षा घेणारे. विद्यार्थ्याने परीक्षा द्यावी एवढेच त्याचे काम. विद्यार्थ्याला मास्तरांविषयी विचारण्याची गोष्ट पुन्हा निघाली ती अमेरिकेत, १९२० च्या दशकात, पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स ह्यांनी गुणांची पट्टी तयार केली तेव्हा. तीच आता जगभर फिरते. आपल्या देशात कॉलेजांची पारख करणारी 'नॅक' ही संस्था १९९४ साली निघाली, आणि २०१७ च्या तिच्या सुधारित पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी घालण्यात आली. मोबाइलवरचा फॉर्म तो ह्या वळणाचा.

फॉर्म वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण 'समाधान' हा शब्द मला खटकतो. बोलोन्याच्या पोथीत समाधान नाही, घंटा आहे. समाधान मोजायला गेले की भलतेच काही मोजले जाते. २०१५ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकावरून शिकवणाऱ्या दोन साहाय्यकांनी, एक पुरुष आणि एक बाई, काही गटांपुढे आपली नावे अदलाबदल करून लावली. विद्यार्थ्यांनी समोर माणूस पाहिलाच नव्हता. ज्याचे नाव पुरुषाचे, त्याला गुण जास्त. कागद तपासून दोघांनीही एकाच वेळी परत केले होते, तरी वेळेवर काम करण्याबद्दलचे गुणसुद्धा पुरुषाच्या नावालाच जास्त! त्या पोथीकार जोव्हान्नी द'आंद्रेयाची एक कथा ह्यावरून आठवते. त्याची मुलगी नोव्हेल्ला बापाच्या जागी व्याख्यान देई आणि श्रोत्यांचे चित्त तिच्या रूपाने विचलित होऊ नये म्हणून पुढे पडदा टांगलेला असे, असे क्रिस्तीन द पिझाँ ह्या लेखिकेने १४०५ च्या सुमारास लिहिले आहे. कथा खरी असो वा नसो, पडदा अजून निघालेला दिसत नाही.

आणि विचारणारा उत्तर देत नसेल तर विचारण्याला काय अर्थ? १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने मोठ्या कारखान्यांत वर्क्स कमिटी आणली. मालकाचे जितके, निदान तितके कामगारांचे प्रतिनिधी, समोरासमोर खुर्च्या. मी अशा कमिटीवर बसलो आहे. चहा पातळ का, मुतारीला दार का नाही, ह्यावर आमच्या सभा झाल्या. बदल्या, पगार, कामाचा बोजा निघाला, की 'तो विषय ह्या कमिटीचा नाही'. तरी त्या कमिटीतून मी एक गोष्ट शिकलो. मागल्या सभेचे इतिवृत्त आधी वाचून घ्यायचे. 'ठरले होते ते झाले काय?' ह्या प्रश्नाला मालकाचा माणूस जितका बिचकतो, तितका घोषणेला बिचकत नाही.

त्या सहा मुलांना मी मागणीपत्र लिहून दिले नाही. म्हटले, शंभर पानी वही आणा. तारीख, तास झाला की नाही, किती वाजता सुरू झाला, कोणता भाग शिकवला, एवढेच लिहा. मास्तरांबद्दल मत लिहायचे नाही, आणि लपूनही लिहायचे नाही. पहिल्या बाकावर बसून, त्यांना सांगून लिहा. महिन्याच्या शेवटी वही त्यांनाच आधी दाखवा. काही चुकले असेल तर त्यांच्या हाताने दुरुस्त करू द्या, मगच प्राचार्यांकडे जा.

मुले थोडी नाराज होऊन गेली. त्यांना जळजळीत काहीतरी हवे होते.

दिवाळीनंतर ती वही घेऊन परत आली. मी पाने चाळली. तास बुडाल्याच्या नोंदी होत्या, तीन ठिकाणी मास्तरांच्या हस्ताक्षरात खुलासा होता, एके ठिकाणी 'हा भाग पुढील सोमवारी घेईन' असे लिहून खाली सही होती, आणि त्या सोमवारच्या पानावर तो भाग घेतल्याची नोंदही होती. मग मी विचारले, हा शेवटचा रकाना कसला, हा तर मी सांगितला नव्हता? फॉर्मची गोष्ट सांगणारी ती मुलगी जरा ओशाळली. म्हणाली, "काका, सर म्हणाले, हाही भरा. वर्गात आम्ही किती होतो त्याचा आहे." मी तो रकाना वरून खाली वाचला. साठ मुलांचा वर्ग. अकरा, नऊ, चौदा, सात. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सलग दोन दिवस, चार.

"बोलोन्यात असते तर," ती म्हणाली, "त्या दोन दिवसांचा दंड सरांना झाला असता, नाही का?"